आत्याबाईंसाठी केलेला देव्हारा

हसणार नसाल तर सांगते. छे, हसालच तुम्ही! निदान चहा तरी आधी संपवा, नाहीतर नाकातून यायचा.

केबल टीव्ही नुकता घरोघरी येत होता, तेव्हाची गोष्ट. आम्ही साताऱ्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मी शाळेत शिकवायची, हे बँकेत. संध्याकाळी आळीतल्या बायका मालिका बघायच्या आणि मला लागलं होतं सुतारकामाचं वेड!

सुरुवात झाली एका डुगडुगणाऱ्या स्टुलापासून. त्याचा एक पाय तासला, तर दुसरा लांब वाटायला लागला. तो तासला, तर तिसरा! शेवटी स्टुलाचा पाट झाला, पण डुगडुगायचा थांबला की नाही? झालं! मला वाटलं, आपल्या हातात कला आहे.

सासर माझं तासगावकडचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, फौजेतनं सुभेदार होऊन परतलेले. आवाज असा की हाक मारली तर दोन वावरं पलीकडचे बैल थांबावेत. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्यांच्या उलट. बोलणं कमी, बघणं जास्त. लग्नानंतर माझी पहिली भाकरी बघून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "असू दे. कुत्र्याला घालू."

कुत्र्यानंही वास घेऊन तोंड फिरवलं, ते जाऊ द्या. पण तेव्हापासून त्या माउलीच्या तोंडून एकदा तरी कौतुकाचा शब्द ऐकायचा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

संक्रांतीला गेलो, तेव्हा कोनाड्यातल्या देवांकडे बघत त्या म्हणाल्या, "भिंतीला ओल येतीया. देवास्नी धड जागा न्हाई."

मी मनात म्हटलं, सापडलं! देव्हारा करायचा. स्वतःच्या हातानं!

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मी खपत होते. चहाच्या खोक्यांच्या फळ्या, समोर जाळीचं दार, दारावरच्या फळीत कोरलेला ॐ, खाली निरांजन आणि काडेपेटी ठेवायला छोटा खण, वर कळस. कळस जरा कलला होता, पण भक्तिभावानं बघितलं की सरळ दिसायचा.

"गावी आधीच देव्हारा म्हणून सांगायचं नाही हां! त्यांना एकदम दाखवायचाय," मी ह्यांना बजावलं.

ह्यांनी गावातल्या किराणा दुकानात फोन लावला, मामंजींना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, तुमची सून घर बांधून आणतीय. ज्यांना धड जागा न्हाई त्यांच्यासाठी!"

इथंच घोळ झाला. त्याच आठवड्यात मुंगसानं आत्याबाईंच्या कोंबड्यांवर डल्ला मारला होता. आम्हाला ते कुठं ठाऊक?

एसटीच्या टपावरून देव्हारा गावात पोहोचला. अंगणात मी चादर बाजूला केली. मामंजींनी एक चक्कर मारली आणि गरजले, "वा! खुराडं लय भारी केलंय!"

खुराडं?

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे लिंबाच्या झाडाची पानं मोजत होते.

"मामंजी, अहो ते..." मी तोंड उघडलं, तोवर आत्याबाई पुढं आल्या. जाळीवरून हात फिरवला. "वारं खेळतंय बगा. आन् मुंगसाचं तोंड जायाचं न्हाई." मग खालचा खण ओढला. "आगं बया! ह्यो अंडी काढाया! लय डोकं चालवलंय की पोरीनं!"

पोरीनं! आजवर मी 'साताऱ्याची' होते, आता 'पोरगी' झाले. आता तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडानं खरं बोलू?

मामंजींनी चष्मा लावला. "हितं काय कोरलंय? तीस?"

"तीस?"

"ह्ये बघ की. हितं तीन, वर शून्य. तीस कोंबड्या मावत्यात व्हय ह्यात?"

माझा ॐ हो! आठवडाभर पटाशी घेऊन कोरलेला!

"जरा दाटी होईल," मी म्हटलं.

एकदा पाय घसरला की माणूस तळालाच जातो. शेजारच्या काकू बघायला आल्या. त्यांनी कळसाला बोट लावलं. "आन् ह्यो शेंडा कशापायी गं?"

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं.

"कोंबड्याला," मी म्हटलं, "आरवताना उभं राहायला."

"ऐकलंसा?" आत्याबाई काकूंना म्हणाल्या. "माझ्या सुनंनं कोंबड्याचासुदिक इचार केलाय!"

हे तोंडात रुमाल कोंबून गोठ्याकडे पळाले. मामंजींना वाटलं, ठसका लागला. त्यांनी मागून पाण्याचा तांब्या पाठवला.

दिवस मावळायला कोंबड्या आत गेल्या. खरं सांगू? छान मावल्या. कोंबडा कळसावर चढला, घसरला, पुन्हा चढला. मामंजी त्याला ओरडून धीर देत होते.

जेवताना आत्याबाईंनी तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा. करवतीनं माझ्या तळव्याला फोड आला होता, तो बघून स्वतः तूप चोळलं. माझे डोळे भरून आले. वाटलं, ह्या बाईशी खोटं नको. सांगून टाकावं.

"आत्याबाई, एक बोलायचं होतं. आपल्या देवांच्या जागेचं..."

"व्हय गं, मीबी त्येच म्हणणार हुते," त्या म्हणाल्या. "कोंबड्यांची सोय झाली. आता देवास्नी एक देव्हारा पायजे."

मी हातातला घास ठेवला. "मी करते ना!"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग दारातून बाहेरच्या खुराड्याकडे बघितलं. मग फार मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"नगं गं पोरी. कोंबड्यांचं येगळं. देवाचं काम नीटच झालं पायजे. मिरजंच्या बाजारातनं इकतचा आणूया." आणि लोण्याचा दुसरा गोळा माझ्या भाकरीवर ठेवत म्हणाल्या, "पर निवडाया तूच जा. ह्या घरात लाकडातलं तुझ्याबिगर कुणाला कळतंय!"