मेव्हण्याने पकडलेली खरखर

बायकोबरोबर केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अवरेकाई, म्हणजे आपला पावटा, सोलणं. थंडीतल्या त्या शेंगा घेऊन आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसलो होतो, कारण पुण्याला दिलेल्या मुलीला त्यांचं सारू, म्हणजे इथली पातळ आमटी, कसं करायचं ते बायकोला बोलून पाठवायचं होतं. मुलीने शिकवून ठेवलेलं रेकॉर्डिंगचं बटण मी दाबलं. ती बोलत राहिली, मी सोलत राहिलो. पाठवायचं मात्र राहून गेलं, कारण त्याच आठवड्यात बायको झोपेतच गेली. तिच्याबद्दल लिहायला अजून माझा हात चालत नाही, म्हणून तिच्या धाकट्या भावाबद्दल लिहितो. बिघडलेल्या वस्तूवर जीव टाकणारा आणि चांगल्या वस्तूवर संशय घेणारा असा प्राणी अख्ख्या बेंगळूरात दुसरा नाही. चिकपेटेत उभं आयुष्य शिलाईमशीन चालवलेला माणूस सांगतोय, भरपूर गिऱ्हाइकं बघितलीत मी.

कुणाच्याही घरी गेला की हा आधी माणसांना नाही, फ्रीजला भेटतो. त्याच्या पाठीला कान लावतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "ह्याला दम लागतोय." लोक खिशात पेन ठेवतात, हा टेस्टर ठेवतो. त्याचे शर्ट मीच शिवतो, त्यामुळे खिसा बोटभर खोल ठेवावा लागतो. धंदा विचाराल तर बटणं आणि चेनी विकण्याचा. शाळेत विजेचा धडा झाला त्या दिवशी हा तापाने घरी झोपला होता, असं बायको म्हणायची. उघडलेली वस्तू परत मिटताना याच्याकडे हमखास स्क्रू उरतात. "कंपनी जास्तीचे घालते, दाजी," म्हणतो आणि ते म्हैसूरपाकाच्या डब्यात टाकतो. डबा भरत आलाय. आमच्या मुलीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत लाऊडस्पीकरने शिट्टी मारली, तर हा सख्खा मामा, नवरीच्या पाठीशी उभं राहायचं सोडून उडी मारून खाली उतरला आणि वायरींत हात घातला. शिट्टी बंद झाली हे खरं. पण भटजींचा आवाजही बंद झाला, आणि सगळ्या वऱ्हाडाला आतल्या स्वयंपाक्यांचं कानडीतलं भांडण ऐकू आलं. एवढं होऊन जेवताना पंगतीत सांगत फिरला, "शिट्टी कोणी घालवली? मी!"

दिवसकार्य उरकल्यावर एकदा मी धीर करून तिचं ते बोलणं लावलं. स्पीकरमधून नुसती खरखर आणि गूं-गूं. खाली कुठेतरी तिचा आवाज, रजईखाली तोंड घालून बोलावं तसा. मी एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला घरी बोलावला. तो घाईत होता. त्याने आपले स्पीकर जोडून बघितले, तरी खरखर तीच. म्हणाला, "रेकॉर्डिंगच खराब आहे, अंकल. काढून टाका." काढून टाका! तिचा दुसरा आवाज माझ्याकडे नाही. मी त्याला जिना दाखवला आणि मेव्हण्याला फोन केला.

तो बनशंकरीच्या आपल्या घरून आला, चप्पल काढायच्या आधी स्पीकरला कान लावला, आणि ओरडला, "दाजी, बंद करा तिचं!" मी बंद केलं. "ऐका! अक्का गप्प आहे, तरी हा बोलतोय. म्हणजे खरखर अक्काच्या आवाजात नाही, घरात आहे!" मला एवढं कळलं, की कापड धड आहे, शिवण उसवायची आहे. मग आम्ही घर उसवलं. तो एकेक प्लग काढायचा आणि विचारायचा, "गेली?" मी स्पीकरपाशी बसून म्हणायचो, "आहे." फ्रीज झाला, पंखे झाले, पाण्याचं मशीन झालं. शेजारच्या अक्कांचा मिक्सरसुद्धा "स्वल्प थांबवा" म्हणून बंद करवला. खरखर जागची हलेना.

राहिली एकच गोष्ट. बायकोच्या फोटोभोवतीची लुकलुकत्या दिव्यांची माळ. ती यानेच चिकपेटेतून आणली होती, यानेच कॉम्प्युटरच्या बोर्डात खोचली होती, आणि वर्षभर विझू द्यायची नाही अशी मला शपथ घातली होती.

"ती काढ," मी म्हटलं.

"ती नाही. ती अक्काची आहे."

"मग अक्काच खरखरतेय म्हण."

"दाजी, तोंड सांभाळा!"

"तूच सांभाळ. तिच्यासमोर दिवा ठेवायचा आणि तिलाच बोलू द्यायचं नाही, ही कसली रीत?"

तो माळेपाशी गेला, तसाच मागे फिरला. मग देवघरातली समई आणून फोटोपुढे ठेवली, लावली, हात जोडले. "अक्का, स्वल्प सांभाळून घे," म्हणाला आणि प्लग ओढला.

खरखर गेली. अशी गेली, की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मी बटण दाबलं आणि ती बोलली, अगदी समोर बसून बोलावी तशी. शेंगा टोपलीत पडताना वाजत होत्या. "मीठ शेवटी घाल गं. आणि मिक्सर अडला तर मामाला बोलवू नकोस. तो चालणारी वस्तूसुद्धा उघडून बसतो." पुढे तिचं हसणं.

मेव्हण्याने आरोळी ठोकली, "एक अक्षर तुटत नाही, दाजी!" बाल्कनीत जाऊन शेजारच्या अक्कांना बोलावलं, खालच्या भाजीवाल्याला "बन्री, बन्री" म्हणून वर घेतलं, आणि मराठीतलं ओ की ठो न कळणाऱ्या त्या माणसाला ते सारू पहिल्यापासून ऐकवलं. मामाचं वाक्य आलं की स्वतःच मोठ्याने हसायचा, आणि परत लावायचा. माळ त्याने स्वैंपाकघराच्या बोर्डावरून लांब वायर ओढून पुन्हा लावली. मुलीला तिच्या आईचा आवाज त्याच दिवशी पोचला.

निघताना चपला घालून जिन्यात थांबला. "आणखी काही बिघडलंय का, दाजी?"

"काही नाही. सगळं चालतंय."

"सरी, बरंय," म्हणाला आणि टेस्टर खिशात घालून उतरला. कठड्याला धरून, एकेक पायरी. त्याच्या घरीही कोण आहे म्हणा. होती ती एक बहीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, आमचा चांगला चालणारा मिक्सर पिशवीत घातला आणि बनशंकरीच्या बसमध्ये बसलो. काय झालंय म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ते वाटेत ठरवलं. आवाज बदललाय म्हणायचं.