दाढीवाल्या काकीचा शेजार

डोंबिवलीहून सुलभाताईंच्या अनिरुद्धचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला कोपरीच्या आमच्या घरात चहा गाळत होते. "मामी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. रात्री नीट जेवल्या, सुनेशी गप्पा मारल्या, आणि झोपेतच गेल्या. विनायक, म्हणजे माझे यजमान आणि ताईंचे धाकटे भाऊ, खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "कुणाकुणाला कळवायचं?" मी म्हटलं, "आधी आजोळी कळवू." कुडाळच्या पुढे, आत वाडीत असलेल्या घरी फोन वाजू लागला आणि मला एकदम भरून आलं. हा नंबर आमच्याकडे होता तो ताईंमुळे. त्याआधी या घराला आजोळच नव्हतं... सत्तरीपर्यंत ताईंनी स्वतःसुद्धा आजोळ पाहिलेलं नव्हतं.

सुलभाताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ठाण्याच्या एक्स्चेंजमध्ये नोकरी, डोंबिवली पूर्वेला संसार. निवृत्तीनंतर यजमान गेले, मुलगा-सून कामात, आणि मग तो टाळेबंदीचा काळ आला. आम्ही सगळे डाळी निवडत आणि बातम्या ऐकत बसलो होतो तेव्हा ताईंनी परदेशातल्या एका विद्यापीठाचा फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम शोधून काढला. विषय होता, आपल्या घराण्याचा इतिहास कसा शोधावा. त्यांचं शिक्षण मराठी माध्यमातलं, आणि ते सर बोलायचे जोरकस परदेशी इंग्रजीत. ताई व्हिडिओचा वेग कमी करायच्या, खाली अक्षरं लावायच्या आणि एकेक वाक्य तीनतीनदा ऐकायच्या. मला फोनवर म्हणायच्या, "अगं, हा माणूस हळू केला की दारू प्यायल्यासारखा बोलतो, पण समजतो."

पहिल्या गृहपाठात चार पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा होता. वडिलांची बाजू ताईंनी दोन दिवसांत भरली. आईच्या बाजूला मात्र आईचं नाव लिहिलं आणि त्याच्यावर काहीच लिहिता येईना.

ते सांगायला हवं. माझ्या सासूबाई कल्याणला एका चाळीत वाढल्या. वाढवलं ते केशवराव आणि सगुणाबाई या निपुत्रिक जोडप्यानं. सासूबाई त्यांच्या पोटच्या नव्हेत, हे कुणी लपवलं नव्हतं. कोकणातून सदू नावाचा एक माणूस कामासाठी चाळीत राहायला आला, बरोबर चारपाच वर्षांची आईवेगळी मुलगी होती. काही महिन्यांत तो तापानं गेला. शेजारच्या खोलीतल्या केशवरावांनी मुलीला घरात घेतलं, तिचं नाव कमल ठेवलं आणि पुढे लग्नही थाटात करून दिलं. सदूचं गाव कोणतं, आडनाव काय, हे चाळीत कुणी विचारलेलंच नव्हतं. केशवराव-सगुणाबाई गेल्यावर ती खोलीही गेली. मे महिन्यात वर्गातल्या मुली मामाकडे निघाल्या की ताई आईला विचारायच्या, आपण कुठे जायचं? सासूबाई म्हणायच्या, "आपण इथंच मजेत राहायचं." त्या मजेतच राहिल्या. पण कुणाच्या घरी माहेरवाशीण आली की त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी सून म्हणून पाहिलंय.

गृहपाठ तपासून आला. वडिलांच्या बाजूलाही प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न होता, हे तुम्हाला कसं माहीत? ताई आधी चिडल्या. मग त्यांना त्या प्रश्नाची चटकच लागली. घरात कुणी काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, तू पाहिलंस, की कुणी सांगितलं? विनायक वैतागले होते. "नव्वदीच्या म्हाताऱ्या आईला आता कशाला उकरायचं, ताई? ती सुखात आहे." ताई म्हणाल्या, "सुखात आहे, ते तू गृहीत धरलंयस. तिला विचारलंस का कधी?"

पुढच्या एका धड्यात त्या सरांनी सांगितलं की माणूस सापडत नसेल तर त्याचे शेजारी शोधा. आणि म्हाताऱ्या माणसाला नावं-गावं विचारू नका. सकाळी उठल्यावर काय दिसायचं, कशाचा वास यायचा, शेजारी कोण काय करत होतं, ते विचारा. मग रोज दुपारी ताई डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल करायच्या आणि मी सासूबाईंपुढे फोन धरून बसायचे. पहिले काही दिवस सासूबाई भाजीबद्दलच बोलल्या. मग हळूहळू लाल मातीचं अंगण आलं, देवळापुढचं तळं आलं, तळ्याच्या काळ्या पायऱ्या आल्या. आणि एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, "शेजारची काकी सकाळी दाढी करायची."

मला हसू फुटलं. हे वाक्य घरात नवीन नव्हतं. नातवंडं लहान असताना त्या कधीकधी सांगायच्या आणि आम्ही ते स्वप्न म्हणून सोडून द्यायचो. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठे बसून करायची?"

"पडवीत. खांबाला आरसा टांगून. हे एवढे लांब केस होते तिचे, कमरेपर्यंत. गालाला हळद लागलेली असायची."

"नेसलेलं काय असायचं?"

सासूबाईंनी हात कमरेपासून गुडघ्यापर्यंत नेऊन दाखवला. मग म्हणाल्या, "पंचा."

फोनवर ताई एकदम सरळ बसलेल्या मला दिसल्या. "आई, ती बाई नव्हती गं. तो दशावतारातला नट होता. बायकांची कामं करणारा."

दशावतार म्हणजे तळकोकणातलं, देवळापुढे रात्रभर चालणारं नाटक. स्त्रियांची कामं पुरुष करतात, आणि जुने काही नट त्यासाठी केस राखायचे. नाटक उजाडता संपलं की माणूस घरी येऊन, चेहऱ्यावरचा रंग पुरता उतरायच्या आधी, पडवीत दाढी करत बसला असणार... आणि चार वर्षांच्या मुलीनं त्याला काकी ठरवून टाकलं. अख्ख्या कोकणातून आमचं शोधायचं क्षेत्र एका जिल्ह्यावर आलं, ते त्या दुपारी.

पुढचे काही महिने ताईंनी जे केलं त्याला मी नोकरीच म्हणेन. सिंधुदुर्गातल्या लोकांचे, दशावताराच्या शौकिनांचे, मुंबईत राहणाऱ्या गाववाल्यांचे जितके गट फोनवर सापडले तितक्यांत त्यांनी स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधी, देवळापुढे तळं असलेल्या वाडीत, लांब केस राखलेला स्त्रीपार्टी नट कोण होता? कुणी चेष्टा केली. कुणी भलतीच गावं सांगितली. एकानं तर आमच्या कलावंतांची बदनामी करता म्हणून सुनावलं. त्यालाही ताईंनी उलट फोन केला आणि अर्धा तास बोलून त्याच्याकडून दोन जुनी नावं काढून घेतली. ऑपरेटरचा तो जुना आवाज, गोड पण लाइन न सोडणारा... त्यांचे ते निरोप ऐकताना मला वाटायचं, यांना आता कुणी नाही म्हणूच शकणार नाही.

आणि मग सावंतवाडीच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. म्हणाले, "बाई, तुमच्या आईंची दाढीवाली काकी म्हणजे माझे आजोबा. गंगाराम त्यांचं नाव."

मास्तरांनीच वाडीत चौकशी केली. त्यांच्या आजोबांच्या शेजारचं घर अजून नांदतं होतं. तिथे आप्पा नावाचे नव्वदी ओलांडलेले गृहस्थ होते. त्यांचे धाकटे काका, सदूकाका, बायको वारल्यावर लहान मुलीला घेऊन कल्याणला गेले ते परत आले नाहीत. दोघंही साथीत गेली असं घरानं धरून टाकलं होतं.

ताईंनी सासूबाईंना यातलं काही सांगू दिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "आई, कोकणातले एक आजोबा आहेत, त्यांच्याशी बोल." फोनच्या पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला. मग आप्पांनी विचारलं, "सदूकाकाची बाय मा गो तू? खंय होतंस इतकी वर्सां?"

आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी चाळीस वर्षांत कल्याणच्या साध्या मराठीशिवाय काही बोलताना ऐकलं नव्हतं, त्या मालवणीत म्हणाल्या, "हंयच होतंय रे."

विनायक उठून गॅलरीत गेले. मी फोन घट्ट धरून होते. पलीकडून आप्पा सांगत होते की बायचं खरं नाव द्वारका. सासूबाई तो शब्द तोंडात घोळवत होत्या, जसा एखादा पदार्थ चाखावा तसा. मग त्यांनी काकीचं विचारलं. आप्पा हसता हसता खोकले. "ती काकी नाय गो, तो आमचो गंगाराम."

आम्हाला वाटलं, झालं. ताईंना तसं वाटलं नाही. रडून डोळे सुजले होते तरी म्हणाल्या, "भरून येणं हा पुरावा नाही, असं धड्यात आहे." त्यांनी आई आणि आप्पा दोघांची थुंकी डीएनए चाचणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली. सासूबाई नळीत थुंकायला तयार होईनात. "माझं मन सांगतंय ते कमी आहे का?" ताई म्हणाल्या, "तुझं मन मला पुरे आहे. पण उद्या कुणी म्हणालं की म्हातारीला भास झाला, तर मला त्याचं तोंड बंद करता आलं पाहिजे." निकाल आला. ती सख्खी चुलत भावंडंच होती. त्या दिवशी ताईंनी कोपरीच्या आख्ख्या मजल्याला पेढे वाटायला लावले.

पण सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. शेवटी माझ्यापाशी बोलल्या. "आता मी त्यांची झाले, तर केशवराव आणि सगुणाबाई कोण? ज्यांनी मला उचललं त्यांना मी काय सांगू?" मी ते ताईंना कळवलं. ताई दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन आल्या. शेवटच्या गृहपाठाचा वंशवृक्ष त्यावर होता. त्या अभ्यासक्रमाच्या रीतीप्रमाणे सांभाळणाऱ्या आईवडिलांना ठिपक्यांच्या रेघेनं जोडायचं असतं. ताईंनी दोन्हीकडच्या रेघा सारख्याच, ठळक काढल्या होत्या. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की माझ्या आईला दोन माहेरं आहेत आणि दोन्हींचा पुरावा माझ्याकडे आहे. त्याबद्दल थोडे गुण कापले गेले, तरी त्या उत्तीर्ण झाल्या. सासूबाईंनी पडद्यावरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "आज आमटी कर चिंच-गुळाची."

प्रवास मोकळा झाल्यावर आम्ही त्यांना गाडीनं घेऊन गेलो. निघण्याआधी ताई कल्याणच्या त्या चाळीच्या जागी गेल्या. तिथे आता टॉवर आहे. फाटकाशी उभ्या राहून त्यांनी थोडी माती रुमालात बांधली. वाडीत सगळं घर अंगणात उभं होतं. आप्पांच्या सुनेनं सासूबाईंचे पाय धुतले, खणानारळानं ओटी भरली. पडवीतल्या बाकावर आप्पा आणि त्या संध्याकाळपर्यंत बोलत बसले होते. ताईंनी ती कल्याणची माती तुळशीत घातली. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदाच स्वस्थ बसलेलं पाहिलं. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "सत्तराव्या वर्षी मामाकडे आलेय गं. दोन दिवस मला काही काम सांगू नकोस."

सासूबाई त्यानंतर दोन मे महिने माहेरी जाऊन आल्या आणि तृप्त होऊन गेल्या. ताई थांबल्या नाहीत. दर शनिवारी त्या मराठीत ऑनलाइन वर्ग घेऊ लागल्या, पैसे न घेता. खडवलीचे एक शेतकरी, बदलापूरच्या दोन जावा, माजिवड्यातला एक रिक्षावाला, कोण कोण यायचे. त्यांतल्या कितीतरी जणांना आपली माणसं सापडली. ताई गेल्यावर डोंबिवलीच्या त्या छोट्या घरात जी अनोळखी माणसं रांगेनं येऊन गेली, त्यांतल्या प्रत्येकाकडे सांगायला एक नातेवाईक होता.

दिवसकार्य झाल्यावर आप्पांचा मुलगा बाळा गावाहून आहेर घेऊन आला. दुखवट्याचा आहेर गेलेल्या माणसाच्या आजोळचाही यावा, ही रीत. आमच्याकडे ती आजवर कुणी पाळू शकलं नव्हतं. अनिरुद्धनं आहेरातलं उपरणं घेतलं आणि तसाच बाळाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला.

काल वाडीतल्या घरी म्हाळ होता, पितरांना पान वाढण्याचा दिवस. पहिल्याच वर्षी ताईंनी आप्पांकडे एक मागितलं होतं, की सदूकाकाबरोबर कल्याणच्या केशवराव-सगुणाबाईंनाही पान वाढा. ज्यांना त्या घरानं कधी पाहिलंही नाही, त्यांची नावं तेव्हापासून तिथे घेतली जातात. ताई दरवर्षी त्या दिवशी सकाळीच फोन करून आठवण करायच्या. काल मी स्वतःला सांगत होते की आता ते माझं काम. पण आंघोळ करून येते तोवर फोन वाजत होता. पलीकडे बाळा होता.

"वहिनी," तो म्हणाला, "पानं वाढून झाली. कल्याणच्या आजी-आजोबांचं आधी वाढलं."