‘हे केव्हा वापरायचं नाही?’ विचारणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई ढमाले यांची नि माझी पहिली भेट चांदे गावातल्या आमच्या छोट्या कार्यालयात झाली. पिरंगुटच्या एका कारखान्यात यंत्रांची माहितीपत्रके लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. आमच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सोयीचे मी लिहिलेले वर्णन वाचून त्यांनी एवढेच विचारले, “हे केव्हा वापरायचं नाही, ते कुठंय?” मला राग आला. आजही कधीकधी येतो.

आमचे सॉफ्टवेअर पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या ठरवते. टँकर मागवणाऱ्या ग्राहकांचे निरोप एआय सहायक वाचतो आणि त्याला दिलेल्या टूलांपैकी, म्हणजे एकेक ठरावीक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांपैकी, एक निवडून काम करतो. निवडताना त्याच्यापुढे असते ते फक्त टूलचे वर्णन. ताई आमच्याकडे रुजू झाल्यापासून ती वर्णने त्याच लिहितात आणि सॉफ्टवेअर कधी न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवल्याखेरीज पुढे जाऊ देत नाहीत. चहावाला, कुरिअरवाला, त्यांच्या तावडीतून कोणी सुटलेले नाही.

एकदा मात्र एका टूलसाठी घाईत त्यांनी स्वतःच ‘बुकिंग रद्द करते’ एवढेच लिहिले. त्या टूलने महिनाभराच्या फेऱ्या रद्द होतात, हे कार्यालयात सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून ते लिहायचे कोणाला सुचले नाही. लवळ्याच्या एका वसतिगृहाने ‘उद्या टँकर नको’ असे कळवले. सहायकाने महिनाच रद्द केला. त्यापुढच्या दिवशीही टँकर आला नाही आणि मुली पाण्यावाचून बसल्या. तिथे टँकर पुरवणारे टँकरमालक बाजीराव हे आमच्या सॉफ्टवेअरचे एकमेव मोठे गिऱ्हाईक. ते गेले असते तर कार्यालयाला कुलूप लागले असते.

“ताई, ह्ये यंत्र आमाला नगं. पोरी बिनपाण्याच्या हायेत तितं,” ते कडाडले.

“चूक यंत्राची नाही, बाजीराव. मी त्याला अर्धंच सांगितलं.”

ताईंनी आधी टँकर भरून घेतला, त्यातच बसून वसतिगृहावर गेल्या आणि माफी मागितली. मग नवे वर्णन बाजीरावांना वाचून दाखवले: ‘याने महिन्याच्या सगळ्या फेऱ्या रद्द होतात. एकाच दिवशी टँकर नको असेल तर हे वापरू नये. फेरी वगळण्याचे टूल वापरावे. निरोप स्पष्ट नसल्यास आधी ग्राहकाला विचारावे.’

बाजीरावांनी ते पुन्हा एकदा वाचून घेतले. “आत्ता कळतंय. ऱ्हाऊ द्या यंत्र. पर लिव्हायचं तुमीच.”

माझ्या आईच्या आजारपणात ताईंनी माझे काम अवाक्षर न काढता केले, त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

साठी पूर्ण होताना त्या निवृत्तीचे बोलू लागल्या आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही मनापासून इच्छा. निवृत्तीचे मात्र त्यांनी स्वतः जाऊन बाजीरावांना सांगावे. आमच्यात ती हिंमत नाही.