रखमाआजीचा डोल

“डोल घेते आणि कामावरही येते? नाव कापा हिचं!” जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी रखमाआजीकडे बोट दाखवलं.

बाहत्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीकडच्या एका रस्त्याच्या कामावर सरकारी कारकून होते. धडधाकट माणसांनी खडी फोडायची आणि ढिगाच्या मापाने मजुरी घ्यायची. ज्यांना ते झेपत नाही, त्यांना घरबसल्या थोडी रोख मदत मिळे. तिलाच आम्ही डोल म्हणायचो. डोलने सगळा जिल्हा आळशी होणार, असं साहेबांचं मत होतं. ते स्वतः जीपमधून क्वचितच उतरत.

रखमाआजीला डोळ्यांनी जेमतेम दिसायचं. बाभळीखाली बसून ती खडी फोडणाऱ्या चार बायकांची पोरं राखायची. डोलवर तिची भाकर निघत होती, म्हणून त्यांच्याकडून काही घेत नसे.

“साहेब, ती खडी फोडत नाही. मुलं सांभाळते,” मी म्हणाले.

“बाई, इथवर चालत येते ना? मग सक्षम आहे. हातोडी द्या.”

तसा शेरा पडला आणि डोल बंद झाला. दुसऱ्या दिवशी आजी खडीवर बसली. दुपारपर्यंत दगड शाबूत होता, अंगठा फुटला होता.

“बाई, सरकारनं मला तरनी केली व्हय?” तिने विचारलं.

बायका हसल्या, पण त्यांचेही हात चालेनात. एकीचं पोर खडी तोंडात घाली, दुसरीचं रस्त्याकडे पळे. आठवड्याअखेर पाच जणींचा मिळून ढीग पूर्वीच्या चौघींपेक्षा लहान भरला. आजीच्या वाट्याला दोन वेळची भाकरही येईना.

“पाहा, हा आळस!” पुढच्या फेरीला ढीग पाहून साहेब म्हणाले आणि जीपकडे वळले. चाकापाशी त्या बायकांपैकी एकीची रांगती पोरगी बसली होती. ड्रायव्हरने घाबरून तिला उचललं आणि समोर दिसले त्या साहेबांच्याच हातात दिलं. तिने साहेबांच्या पांढऱ्या बुशशर्टवर आपलं काम उरकलं.

“अरे, हिला सांभाळायला कुणी नाही का?” साहेब ओरडले.

“होती, साहेब. तुम्ही तिला सक्षम केलंत,” मी म्हणाले.

त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून शेरा खोडला. आजीचा डोल सुरू झाला, ती बाभळीखाली गेली, ढीग वाढला. साहेबांनी वर कळवलं की कडक तपासणीमुळे कामाला वेग आला.

मुलांनो, गरिबाला रोख मदत दिली तर तो काम करील का, हा वाद तुमच्या काळातही चालतो म्हणे. वाद घालणाऱ्याच्या हातात आधी एक रांगतं पोर द्यावं. मग त्याचं मत विचारावं.