तेलाच्या डब्याचा पत्रा

आमच्या दाजींइतका हट्टी माणूस साऱ्या सातारा-सांगली भागात पुन्हा होणे नाही. थोरल्या अक्काचे हे मालक बांगलादेशाच्या लढाईनंतर पलटणीतून सुटून आले, ते लष्कराच्या लिलावातली एक म्हातारी मोटारसायकल घेऊनच. पुढे कुपवाडच्या कारखान्यात पहाऱ्याची नोकरी धरली. तिथवर गाडी गुमान जाई. जरा पिळली, चढाला लावली, की तापून बंद. पण ‘तापली’ म्हणायची सोय नव्हती. “दमलीय. तुमी दमत न्हाई व्हय?” असं आम्हालाच विचारून दाजी रस्त्याकडेला बसत आणि फेट्याच्या शेमल्याने इंजिनाला वारा घालत.

इलाज काय कमी केले? प्लग बदलले, जाड ऑइल घातलं, कार्बोरेटर तर इतक्यांदा उघडला की बिचाऱ्याला झाकण परकं वाटायला लागलं असेल. कुपवाडचा मिस्त्री दर खेपेला एकच सांगे, “फौजी, इंजिनापुढचा पत्रा काढा. वारं लागल्याबिगार गाडी थंड व्हायची न्हाई.”

“पत्र्याचं सोडून बोल,” दाजी म्हणत.

त्याचं असं झालं होतं, की गाडी आली त्याच आठवड्यात मागे बसलेल्या अक्काची पोटरी इंजिनाला लागून भाजली. दाजींनी तेलाचा डबा कापला आणि इंजिनाला पुढून, बाजूने पत्रा ठोकून टाकला. त्यावर छापलेलं नारळाचं झाड अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे. अक्काचा पाय वाचला, गाडीचा श्वास कोंडला.

अक्काची हौस ती काय? मार्गशीर्षात म्हसवडच्या जत्रेला सिद्धनाथाचा रथ जागचा हलताना बघायचा. लहानपणी आमच्या वडलांच्या, आबांच्या खांद्यावरून पाहिला होता, तो पुन्हा एकदा. एसटीचं नाव काढलं की दाजींचा अपमान व्हायचा, म्हणून दरसाल सांगलीहून मोटारसायकलच निघे आणि दरसाल भिवघाटाच्या चढावर, त्याच लिंबाखाली दमे. हे पोचेपर्यंत रथ गेलेला, वाटेवर नुसता गुलाल.

“आवं, काढा की त्यो पत्रा. मी पाय आखडून बसते,” अक्का म्हणायची.

“आन पुन्यांदा भाजलं म्हंजी?” असं म्हणून यांचा शेमला इंजिनावर सुरू.

“मला कवा असा वारा घातला न्हाई तुमी,” अक्का भाकरी सोडत हसायची.

एका श्रावणात अक्काला ताप भरला. मिरजेच्या दवाखान्यात दाजी कॉटशेजारी बसून शेमल्याने वारा घालत राहिले. ताप उतरला नाही. अक्का गेली. एक साल, एकच साल ती वेळेवर पोचायला हवी होती. ही चुटपुट अजून माझ्या मनातून जात नाही.

त्या मार्गशीर्षात दाजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. “बसा पाव्हणं.” गाडीवर पत्रा नव्हता. भिवघाट तिने एका दमात काढला. लिंबापाशी दाजींनी सवयीने वेग कमी केला, पण गाडीला थांबायचं काही कारणच नव्हतं.

म्हसवडला रथ अजून जागेवरच होता. माणसं दोर सरळ करत होती. दाजींनी गाडी स्टँडला लावली, शेजारी बसले आणि शेमल्याने इंजिनाला वारा घालू लागले. वारा घालता घालता म्हणाले, “लय लवकर आलो, पाव्हणं. आता एवढा येळ काय करायचा?”