मेन स्विच आणि आईचा पिंपळ

गावाला जाताना आमच्या घरी गॅस बंद होतो, फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवलं जातं आणि मेन स्विच खाली पाडला जातो. हे शेवटचं काम माझ्या नवऱ्याच्या मानाचं. टॅक्सी दारात उभी असताना तो परत आत जातो, बटण पाडतो आणि गड जिंकल्यासारखा बाहेर येतो. नागपूरला असताना करायचा, आता मस्कतमधल्या अल हैललाही करतो. मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग आईचा पिंपळ आला. आई मस्कतला एकदाच आली आणि आमच्या गच्चीवरच्या कुंडीत तिने बोधिवृक्षाचं रोप लावलं. सकाळची बुद्धवंदना झाली की तांब्याभर पाणी घालायची. परत जाताना तिने मला एवढंच सांगितलं, की झाड जप. तिच्या गुडघ्यांना आता विमानप्रवास झेपत नाही. ती पुन्हा येणार नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आणि मुलांच्या शाळा बंद झाल्या की आम्ही भर उन्हाळ्यात दोन महिने भारतात. शेजारपाजारचेही सगळे तेव्हाच जातात, मग पाणी घालायला सांगायचं कुणाला?

नवरा म्हणाला, "या उन्हात दोन महिने? झाड खलास."

त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. मी इंजिनिअर आहे, ऑफिसात दुसऱ्यांचे पंप चालवते, मग घरचा का नाही चालणार? गच्चीवर सोलर पॅनल लावलं, खाली बॅटरी ठेवली. दोघांच्या मध्ये चार्ज कंट्रोलर. बॅटरीत वीज किती भरायची आणि बाहेर कधी सोडायची, हे हा डबा बघतो. पाण्याच्या मोठ्या ड्रममधला पंप त्याला जोडला. आता हा डबा घरातल्या छोट्या कॉम्प्युटरशी बोलला, की भारतात बसून फोनवरून पंप चालवता येणार होता.

पण डबा बोलेना. मी गच्चीवर घाम गाळत होते आणि खालून नवरा चहाला हाका मारत होता. शेवटी लक्षात आलं, की डब्यावरची आणि माझ्या जोडणीवरची अक्षरं सारखी असली तरी तारा उलट लावायला हव्यात. तारांची अदलाबदल केली आणि फोनवर बॅटरीचा आकडा उमटला. मी गच्चीवर एकटीच नाचले. वय बघायला कोणी नव्हतं.

ईदच्या सुट्टीत ओमानमधल्याच रुस्ताकला फिरायला गेलो, तेव्हा म्हटलं परीक्षा घेऊ. संध्याकाळी फोन उघडला तर सगळं मुकं. सुट्टीभर मी त्या डब्याला शिव्या घातल्या. घरी येऊन दार उघडलं तर मेन स्विच खाली. पंप सोलरवर होता, पण त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा राउटर घरच्या विजेवर. पिंपळाची पानं माना टाकून बसली होती. मला रडू आलं आणि मग जो राग आला तो नवऱ्याने निमूट ऐकून घेतला. मेनला पुन्हा हात लावणार नाही म्हणाला.

माझा विश्वास बसला नाही. इतक्या वर्षांची सवय ती, शपथेने कशी जाईल? मी कॉम्प्युटर आणि राउटर दोन्ही सोलरच्या बॅटरीवर घेतले, कुंडीसमोर एक कॅमेरा बसवला आणि गप्प राहिले.

उन्हाळ्यात विमानतळाच्या वाटेवर नवऱ्याने एकदम कपाळाला हात लावला. "अगं, मी मेन पाडला."

"पाड की," मी म्हटलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नागपूरला पोचल्यावर मी आईच्या हातात फोन दिला. पडद्यावर गच्ची होती, कुंडी होती, पिंपळ होता. आईची सकाळची वंदना झाली होती. बटण कुठलं ते दाखवलं. तिने पदराला बोट पुसलं, दाबलं, आणि कुंडीतली माती काळी होत गेली. आईने फोन डोळ्यांजवळ नेला.

मग म्हणाली, "पिऊन राहिलं ना माझं झाड."

निघताना ते बटण मी आईच्या फोनवर घालून दिलं, आम्ही मस्कतला परतलो तरी ते तिच्याकडेच आहे. सकाळी गच्चीवर पंप सुरू झाला, की आईची वंदना झाली हे मला कळतं.