गुलाम रसूल मिस्त्री आणि कॅनची मशीन

नांदेडच्या इतवाऱ्यात फ्रिज, कूलर, डीप फ्रीजर दुरुस्त करणारे बरेच आहेत, पण लोक नाव घेतात ते गुलाम रसूल मिस्त्रींचं. हाताला कसब होतं, त्यात वाद नव्हता. बंद पडलेल्या फ्रिजच्या पाठीवर तळहात ठेवून गॅस गेलाय की कॉम्प्रेसर, ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. अडचण दुसरीच होती. साठीला टेकलेल्या या माणसाने ‘मला येत नाही’ एवढं वाक्य उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं.

कुणी शिलाई मशीन आणली, बोअरची मोटर आणली, बँडवाल्याने वाजत नसलेला कीबोर्ड आणला, तरी मिस्त्रींचं उत्तर एकच, “हाव, ठेवून जावा.” ठेवलेल्या वस्तूंनी दुकान असं भरलं होतं की मिस्त्रींना बसायला फुटपाथवर खुर्ची टाकावी लागायची. खुर्ची रस्त्यावर आल्यामुळे लोक त्यांना वाटाही विचारायचे. एकदा रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेल्या एका कुटुंबाने माहूरचा रस्ता विचारला. मिस्त्री माहूरला कधी गेले नव्हते. तरीही त्यांनी हात लांब करून, वळणावळणासकट रस्ता सांगितला, आणि ते कुटुंब दुपारी मुखेडच्या बाजारात जाऊन उभं राहिलं. माहूर वरच्या अंगाला, मुखेड खालच्या. नशिबाने घरच्या कर्त्याला त्या बाजारात मनासारखी बैलजोडी मिळाली, म्हणून परतताना तो भांडायचं सोडून पेढे देऊन गेला. मिस्त्रींनी ते पेढे हक्काने खाल्ले.

बायको हुसेनबी देगलूरची. तिला हे सगळं ठाऊक होतं. ती अधूनमधून म्हणायची, “नै आता बोलके बोलने में क्या जाता जी?” ‘येत नाही’ म्हणायला काय जातं, एवढंच तिचं म्हणणं. मिस्त्रींना वाटायचं, कारागिराने एकदा ‘येत नाही’ म्हटलं की उद्यापासून गिऱ्हाईक पान्हासुद्धा त्याच्या हातात देणार नाही.

अशात लातूरहून फोन आला. बोलणारी लुंबिनी नावाची तरुण बाई होती. लातुरात तिची अभ्यासिका होती. स्पर्धा परीक्षांची मुलंमुली तिथे दिवसभर वाचत बसायची. बसायची म्हणजे बसायला हवी होती. ऊन तापलं की थंड काहीतरी प्यायला म्हणून खाली उतरायची आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर देशाचं भवितव्य ठरवत तास काढायची. म्हणून लुंबिनीने पुण्याच्या एका बंद पडलेल्या जिममधून थंड पेयांचे कॅन देणारी जुनी मशीन घेतली होती. बटण दाबलं की कॅन खाली पडतो, ती. ती वरच्या मजल्यावर बसवून, चालू करून द्यायची होती. तिच्या ओळखीतल्या कुणाचा तरी वॉटर कूलर मिस्त्रींनी दुरुस्त केला होता, त्यावरून नाव कळलं होतं.

अशी मशीन येते का, असं तिने विचारलं. मिस्त्री म्हणाले, “अशा डझनभर उघडल्यात, ताई.” खरं म्हणजे अशी मशीन त्यांनी एकदाच पाहिली होती, एका स्टेशनवर, तीही चालत्या गाडीच्या खिडकीतून. पलीकडे भाजी निवडणाऱ्या हुसेनबीने मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजीत घातली.

हत्यारांची पिशवी घेऊन मिस्त्री एसटीने लातूरला पोचले. मशीन खाली अंगणात उभी होती, कपाटाएवढी उंच आणि वजनाला म्हशीसारखी. लुंबिनीचे वडील साहेबराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. अभ्यासिकेच्या दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं आताचं काम. त्यांनी हमाल बोलावून ठेवले होते. मशीन निम्म्या जिन्यापर्यंत चढली आणि वळणावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. हमाल घामाघूम झाले, वरची मुलं पुस्तकं मिटून सल्ले द्यायला जमली. साहेबराव खालून “अजून डावीकडं काट, अजून” असं ओरडत होते, जणू बस गल्लीत शिरतेय.

मिस्त्री म्हणाले, दार काढा. मशीनचं जाडजूड दार, त्यातच सगळी बटणं. बटणांपासून निघालेल्या तारा आतल्या मोटरींना जोडलेल्या होत्या. दार काढायचं म्हणजे त्या सोडवायच्या. सगळ्यांची टोकं सारखी, रंगही सारखे. लुंबिनी म्हणाली, चाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवते, नाहीतर खुणेला चिकटपट्टी लावू. मिस्त्रींनी कपाळावर बोट ठेवलं. “डोक्यात हाय सगळं.” आणि भराभर तारा उपटल्या.

दार निघालं, मशीन वळली, वर गेली. वर नेऊन उभी केल्यावर मिस्त्रींनी ती लगेच चालू करू दिली नाही. आडवी-तिरपी झालेली मशीन रात्रभर उभी राहू द्यावी, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर बसतं, असं त्यांनी सांगितलं. हे मात्र त्यांना खरोखर येत होतं आणि ते बरोबर होतं. त्या रात्री ते साहेबरावांकडेच राहिले. दोघांचं छान जमलं. साहेबरावांनी मराठवाड्यातला प्रत्येक घाट सांगितला, मिस्त्रींनी प्रत्येक घाटाला ‘हाव, माहीत हाय’ म्हटलं.

सकाळी दार चढवलं, तारा जोडल्या, कॅन भरले. आंबा, जिरे सोडा, लिंबू आणि सडपातळ कॅनमधली कोल्ड कॉफी. लुंबिनीने जाहीर केलं की आज चाचणी आहे, आज फुकट. मशीन घरघरली, आतला दिवा लागला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुगत नावाचा तलाठी परीक्षेची तयारी करणारा मुलगा पुढे झाला आणि त्याने आंब्याचं बटण दाबलं. धडाम्‌ आवाज झाला आणि जिरे सोडा आला. दुसऱ्या मुलीने लिंबू दाबलं, तिला कॉफी आली. कॉफीवाल्याला लिंबू मिळालं.

मिस्त्री म्हणाले, मशीन नव्या जागेला अजून रुळली नाही. मग म्हणाले, लातूरचं व्होल्टेज खराब आहे. बाजारात जाऊन स्टॅबिलायझर आणला, लावला. आता आंब्याचं बटण दाबल्यावर जिरे सोडा अधिक झोकात पडायला लागला.

मग त्यांना युक्ती सुचली. आंब्याच्या बटणाने ज्या खणातला कॅन पडतो, त्याच खणात आंबा भरायचा. तारांना हातच लावायला नको. त्यांनी सगळे कॅन उपसून नव्या हिशेबाने भरले. पण सगळे खण सारख्या रुंदीचे नव्हते. रुंद खणात गेलेले कॉफीचे सडपातळ कॅन कधी दोन-दोन पडायचे, कधी आडवे होऊन अडकायचे आणि मशीन नुसती गुरगुरायची. आणि अरुंद खणात मिस्त्रींनी तळव्याने ठोकून बसवलेला लिंबाचा कॅन काही केल्या हलेना.

मुलांना मात्र एवढी मजा कुठल्याच विषयात आली नव्हती. मशीनभोवती घोळका जमला. बटण कुणी दाबायचं, काय पडणार, यावर पैजा लागल्या. गणिताच्या तयारीतल्या दोघांनी फळ्यावर संभाव्यता मांडली. जे वाचत होते ते प्रत्येक ‘धडाम्‌’ला दचकत होते. पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली एक मुलगी तर “बरोबर पर्याय क” असं म्हणत उठली. टपरीवर जाणाऱ्यांना जागेवर बसवायला आणलेल्या मशीनने, जागेवर बसलेल्यांनाही उठवलं होतं.

लुंबिनीने सगळ्यांना टेबलांकडे पिटाळलं. मग ती मशीनपाशी आली. मिस्त्री तारांच्या गुंत्यात डोकं घालून बसले होते. तिचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता.

“चाचा, खरं सांगा. ही मशीन तुम्हाला येते का?”

मिस्त्रींनी सवयीने तोंड उघडलं. ‘हाव’ ओठांवर आला होता. पण समोर उपटलेल्या तारा लोंबत होत्या, अडकलेला लिंबाचा कॅन दिसत होता, आणि आता रुळली नाही, व्होल्टेज नाही असं म्हणायला काही उरलंच नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना वाटलं, ही आता पिशवी उचलायला सांगेल, आणि गोष्ट एसटीच्या आधी नांदेडला पोचेल.

“न्हाई येत, ताई,” ते म्हणाले. “फ्रिजचं येतं. हे तारांचं काय हाय, मला ठाऊक न्हाई.”

लुंबिनीने ओढणी कमरेला खोचली आणि फरशीवर त्यांच्या शेजारी मांडी घातली.

“बरं झालं बोललात,” ती म्हणाली. “मला वाटायलं होतं, एवढं साधं मलाच कसं कळंना.”

एवढंच झालं. छत कोसळलं नाही. मिस्त्रींना इतकं हलकं वाटलं की त्यांनी आधी चहा मागितला.

मग दोघांनी मशीन पूर्ण रिकामी केली. लिंबू काढताना कॅन फुटला आणि दोघांच्या तोंडावर लिंबू सरबत उडालं, तेव्हा लुंबिनी पहिल्यांदा हसली. प्रत्येक खणात एकच कॅन ठेवायचा, एक तार जोडायची, बटण दाबायचं, काय पडतं ते पाहायचं आणि जुळलं की तारेला चिकटपट्टी लावायची. मिस्त्री जोडत होते, लुंबिनी दाबत होती. अरुंद खण कॉफीसाठीच केलाय हे तिने कॅन धरून पाहिलं आणि ओळखलं. त्या खणाची मोटर कुरकुरतेय, तिला तेल हवं, हे मिस्त्रींनी नुसतं ऐकून ओळखलं. एका चुकीच्या जोडणीवर ते आपण होऊन म्हणाले, “हेही मला कळंना बघा.” म्हणताना त्यांना गंमत वाटली. थोड्या वेळाने गरज नसतानाही त्यांनी ते म्हणून पाहिलं.

आंब्याला आंबा आला. जिऱ्याला जिरं आलं. पण कॉफीचे मात्र अजूनही मधूनच दोन कॅन पडत होते. दोघंही बुचकळ्यात पडले. तेवढ्यात पडलेला एक कॅन फरशीवरून घरंगळत निघाला, टेबलांखालून गेला आणि थेट दाराशी बसलेल्या साहेबरावांच्या पायाला लागला. साहेबरावांनी तो उचलला, फरशीकडे एक डोळा बारीक करून पाहिलं.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “तुमची गाडी उतारावर उभी हाय.”

हॉल धुतल्यावर पाणी जिन्याकडे जावं म्हणून फरशीला उतार दिला होता, आणि मशीन त्या उतारावर पुढे झुकून उभी होती. मिस्त्रींनी पुढचे पाय फिरवून उंच केले. साहेबराव स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन मशीनवर ठेवून बघत राहिले, अजून थोडं, अजून थोडं, बस. त्यानंतर कॉफी शिस्तीत एकेक पडू लागली.

राहिला तो आवाज. शांत हॉलमध्ये कॅन पडला की बॉम्ब पडल्यासारखं व्हायचं. मिस्त्रींनी हुसेनबीला फोन लावला. आज मी गिऱ्हाइकाला येत नाही म्हणालो, हे त्यांनी आधी सांगितलं. हुसेनबीने विचारलं की ताप तर नाही ना आला. आवाजाचं ऐकल्यावर तिने लगेच उपाय सांगितला. कॅन पडतो तिथे जुन्या गोधडीचा चौकोनी तुकडा घाला, वर रबर अंथरा. भामाबाईंनी, म्हणजे लुंबिनीच्या आईने, ट्रंकेतली एक विरलेली गोधडी कापून दिली. तेव्हापासून त्या मशीनमधून कॅन पडताना, उशी टाकावी तसा आवाज येतो.

नांदेडला परतल्यावर मिस्त्रींनी दुकान उपसायला काढलं. शिलाई मशीन, कीबोर्ड, बोअरची मोटर, ज्याचं त्याला परत. प्रत्येकाला स्वतःहून सांगितलं, हे माझ्याच्यानं होत नाही, अमक्याकडे न्या. लोक चक्रावले. एकाने तर मिस्त्री आजारी आहेत समजून केळी आणली. मात्र फ्रिजची कामं कमी झाली नाहीत. लोक म्हणायला लागले, हा माणूस ‘होतं’ म्हणाला तर समजा झालं.

वर्षभरात लुंबिनीने निलंग्याला दुसरी अभ्यासिका काढली आणि दुसरी मशीनही घेतली. बोलावणं मिस्त्रींनाच आलं. या वेळी जिना रुंद होता, दार काढावं लागलं नाही, आणि तरीही मिस्त्रींनी तारांचे फोटो काढले, तेही इतके की सोबत आलेल्या साहेबरावांच्या मोबाइलची जागा संपली. तिथे झाडलोट करायला बसम्मा नावाची सीमेपलीकडची बाई होती, मराठी मोडकीतोडकी बोलायची. मशीन गार झाल्यावर मिस्त्रींनी पहिला कॅन काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो गालाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, “तण्णग ऐती.”

“म्हणजे काय? मला कानडी येत न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

“गार हाय,” बसम्मा म्हणाली.

मिस्त्रींनी ते दोन-तीनदा घोकलं. मग बसम्माने कॅन उलटासुलटा केला आणि हा उघडायचा कसा, असं विचारलं. मिस्त्रींनी पत्र्याची कडी दाखवली, वर ओढायला सांगितली. पडताना आणि उलटासुलटा होताना कॅन किती हलला होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मिस्त्रींचा नवा सदरा गळ्यापासून खालपर्यंत जिरे सोड्याने भिजला. बसम्मा पदर तोंडाला लावून हसत होती. मिस्त्रींनी मिशी पुसली, ओला सदरा अंगापासून धरला आणि तिलाच सांगितलं, “तण्णग ऐती.”